हुसेनबीच्या गिन्या

हुसेनबीबद्दल लिहायचं म्हणजे आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मी तिच्यावर जळत होते. थोडंथोडकं नाही, चांगली दीड-दोन वर्षं जळत होते. सकाळी डोळा उघडला की देवाच्या आधी तिचं नाव मनात यायचं, आणि ते काही मायेनं यायचं नाही. आता ती नाही. तिच्या नातवानं परवा विचारलं, ‘आजी, आमची दादी कशी होती?’ मी म्हटलं, चांगली होती. मग रात्रभर तेच टोचत राहिलं, म्हणून ही वही उघडली.

गडमुडशिंगीत ओढ्याला लागून आमचं वीस गुंठे भाजीचं रान होतं. बांधाच्या पलीकडं तिचं बारा गुंठे. तिचा नवरा सिकंदर पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून तो गावोगाव गाद्या भरायला जायचा, तो पंधरा-पंधरा दिवस परतायचा नाही. त्यामुळं रान सगळं हुसेनबीच्या अंगावर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, वाळक्या अंगाची, पण आवाज असा की ओढ्यापलीकडचा माणूस ‘ओ’ देईल. मला ती ‘तानाक्का’ म्हणायची. मी तिला हुसेनबी म्हणायची, आणि रागात असले की काहीच म्हणायची नाही.

आधी आमचं बरं होतं. दोघी एकाच यष्टीनं कोल्हापूरला जायचो, कपिलतीर्थाच्या मंडईत शेजारी शेजारी बुट्ट्या मांडायचो, एकाच पानातली तंबाखू खायचो. तिच्या वांग्यात अळी निघायची तशी माझ्याही वांग्यात निघायची. तिच्या दोडक्याची पानं लाल भुंग्यांनी चाळणी केली की माझ्याही वेलांची चाळणी झालेली असायची. दोघी मिळून भुंग्यांना शिव्या द्यायचो. दोघींचं सारखंच वाटोळं होत असलं की मैत्री टिकते, निदान माझी तरी टिकते.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिचा भाऊ दस्तगीर कोंबड्या झाकायचं एक डालगं घेऊन आला. तो शहराबाहेर एका बंगल्यावर माळी होता. बंगल्याचे मालक बदली होऊन दुसऱ्या गावी गेले आणि जाताना त्यांनी पाळलेली सहा पाखरं दस्तगीरला देऊन गेले. त्यानं ती बहिणीला दिली. ‘गिनी कोंबडी’ म्हणतात म्हणाला. हुसेनबीनं लगेच त्यांच्या ‘गिन्या’ केल्या.

आम्ही सगळे बघायला गेलो. राखाडी अंग, त्यावर कण्या सांडल्यासारखे पांढरे ठिपके. टकलं डोकं, डोक्यावर शिंगासारखा टेंगूळ, गालाला लाल लोंबत्या. माझ्या सासूबाई, बायडाबाई, कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘ही कोंबडी न्हवं बाई, कोंबडीला झालेला आजार हाय.’ मी पोट धरून हसले. हुसेनबीही हसली. ते हसणं मला नंतर फार महाग पडलं.

पहिल्या दिवसापासून त्यांनी ओरडून गाव डोक्यावर घेतलं. कुत्रं दिसलं की ओरड, पाहुणा दिसला की ओरड, काही दिसलं नाही तरी ओरड. दोन तुकड्यांचा आवाज, दुसरा वर चढणारा. मला तो ‘बघ की, बघ की’ असा ऐकू यायचा. मालक म्हणायचे, ‘तुलाच तसं ऐकू येतंय.’ आमचे मालक म्हणजे ज्ञानू. तेव्हा नाव घेत नव्हते, आता लिहायला काय झालं.

पावसाळा लागला, दोडका आणि काकडी वेलावर चढली, आणि ठरल्यासारखे भुंगे आले. हुसेनबीनं उजाडताना डालगं उघडलं. साही गिन्या एका ओळीत रानात शिरल्या. मी बांधावरून बघत होते. आता उकरतील, आता रोपं उपटतील, म्हणून वाट बघत होते. पण त्यांनी माती उकरलीच नाही. मान वर करून पानापानावरचा भुंगा टिपायच्या, मग पुढचं पान. वेलाखाली जाऊन बुडख्याजवळच्या अळ्या टिपायच्या. ओळ संपली की वळून दुसरी ओळ. ऊन चढेपर्यंत त्यांच्या गळ्याखालच्या पिशव्या टम्म फुगल्या. हुसेनबी हातात काठी घेऊन नुसती मागून फिरत होती. खुरपं नाही, पावडर नाही, काही नाही.

पंधरा दिवसांत तिचे वेल असे हिरवेगार झाले, की माझे वेल कुणाला दाखवायची मला लाज वाटायला लागली.

मी काय केलं? घरी जाऊन आमच्या नऊ कोंबड्या आणल्या आणि रानात सोडल्या. म्हटलं, कोंबडी ती कोंबडी. भुंग्याकडं एकीनंही ढुंकून पाहिलं नाही. कोथिंबिरीचे दोन वाफे तासाभरात उकरून काढले, पिकायला आलेली टोमॅटो टोचली, आणि एक जण मेथीत धुळीची आंघोळ करत बसली. मालक आले तेव्हा मी पदर खोचून नऊ दिशांना पळत होते. ‘ह्ये काय चाललंय?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘कीड मारतोय.’ बांधापलीकडून हुसेनबी म्हणाली, ‘तानाक्का, त्या उकरणाऱ्या हायत गं. माझ्या गिन्या अंडी घालाया लागल्या की तुला देतो की.’

साधं, सरळ बोलली होती. पण माझ्या कानाला ते दान वाटलं. ‘आमास्नी नगंत असली टकली पाखरं,’ मी म्हणाले.

मग सोसायटीतून पावडर आणली. फडक्यात बांधून पहाटे वेलांवर झटकायची. भुंगे मेले थोडे, पण वास उरला. आता बाळासोंची गोष्ट. शिवाजी पेठेत त्यांची खानावळ होती, तालमीतली पोरं जेवायला असायची. आठ वर्षं ते भाजी माझ्याच बुट्टीतून न्यायचे. त्या दिवशी त्यांनी माझा दोडका उचलला, नाकाला लावला आणि परत ठेवला. ‘तानाबाई, राग मानू नका. गेल्या खेपेला रश्श्याला वास आला. पोरं ताट सारून उठली.’ आणि ते एक पाऊल बाजूला सरकले. एकच पाऊल. हुसेनबीच्या बुट्टीपुढं.

हुसेनबीनं माझ्याकडं बघितलं. ‘दोघींचं निम्मं निम्मं न्या की, बाळासो,’ म्हणाली. मला तिचे दात पाडावेत असं वाटलं. ती वाईट वागली असती तर मला केवढं सोपं गेलं असतं! परत येताना मी यष्टीत मागच्या बाकावर जाऊन बसले. त्या दिवसापासून तंबाखू बंद, बोलणं बंद.

दिवाळीत मालकांनी विषय काढला. आजूबाजूला सगळ्यांनी ऊस लावला होता. ‘आपणबी लावू या. भाजीत काय राम न्हाय,’ म्हणाले. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी हट्ट करते आहे. पण उसाच्या रानात बाईला काय असतं? खुरपायचं, पाचट काढायचं, हिरव्या शेंड्यांचं वाढं डोक्यावरून आणायचं. भाजीचं रान होतं म्हणून मी आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूर बघत होते. तिथं मी ज्ञानूची बायको नव्हते, बायडाबाईची सून नव्हते. तिथं माणसं ‘ओ तानाबाई’ म्हणून हाक मारायची. ते गेलं तर माझ्याकडं काय उरणार होतं? म्हटलं, येता पावसाळा तेवढा द्या. बरं म्हणाले. श्रावणात उसाची लागण असते, तोवर बघतो म्हणाले.

आणि पुढच्या ज्येष्ठात मला अंडी सापडली.

गिन्यांची एक खोड असते. खुराड्यात अंडी घालायची नाहीत, कुठंतरी झुडपात लपवून घालायची. बांधावर आमच्या अंगाला, म्हणजे आमच्या बाजूला, घायपाताचं दाट कुंपण होतं. गवत कापताना आत हात घातला तर खड्ड्यात पंधरा अंडी. लहान, तांबूस, एका टोकाला निमुळती. पदरात घालून घरी आणली आणि सासूबाईंपुढं ठेवली.

आमच्याकडं बांधाचा एक रिवाज आहे. फांदी कुणाची का असेना, आंबा ज्याच्या अंगाला पडला त्याचा. भोपळ्याचा वेल बांध ओलांडून आला तर अलीकडचा भोपळा अलीकडच्याचा. सासूबाईंनी जराही विचार केला नाही. ‘आपल्या अंगाला घातल्यात, आपलीच हायत,’ म्हणाल्या.

रिवाजानं माझीच होती. तरी मी चोरीची असल्यासारखी जपली. मागल्या खोलीत, चगळाच्या, म्हणजे गुरांनी टाकलेल्या वैरणीच्या, ढिगामागं पाटीत भुसा घातला, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून लोखंडाचा खिळा ठेवला आणि आमची काळी खुडूक कोंबडी वर बसवली. सासूबाई रोज कोनाड्यात एक खडा टाकायच्या. त्यांनी जन्मभर कोंबड्या बसवल्या होत्या. गावातल्या बायका त्यांना विचारायला यायच्या. ‘एकवीस दिस,’ त्या म्हणायच्या. ‘एकविसाव्याला पिल्लू, बाविसाव्याला राहिलं त्ये नासकं.’

मालकांनाही सांगितलं. त्यांनी पाटीत डोकावून पाहिलं आणि हसले. ‘बरं. पिलं निघाली तर औंदा भाजी. न्हाय निघाली तर ऊस. माझा शबूद हाय.’

माझं सगळं नशीब त्या काळ्या कोंबडीच्या पोटाखाली होतं. मी तिला हातानं दाणे भरवायची. मनात हिशेब एकच, पिलं मोठी होतील, ओळीनं रानात शिरतील, आणि हुसेनबी बांधावरून बघेल. भाजी वाचेल हा आनंद होताच, पण ती बघेल हा आनंद त्याहून मोठा होता. खोटं कशाला बोलू?

त्या दिवसांत तिनं दोनदा हाक मारली. बांधापर्यंत आली, ‘तानाक्का, एक सांगायचं हुतं,’ म्हणाली. मी पाठ फिरवून घमेलं उचललं आणि चालू लागले. म्हटलं, अंड्यांचा वास लागला बाईला, आता मागणार.

एकवीस खडे झाले. कोंबडी गप्प, अंडी गप्प. मी अंडं कानाला लावलं, काही नाही. बाविसावा दिवस गेला. तेविसाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘गेली गं. फुटली तर घरभर घाण व्हईल, टाकून दे.’ दुपारी उसाच्या बेण्याचं बघायला म्हणून मालक शेजारच्या मळ्यात गेले.

मी चगळाच्या ढिगाजवळ बसून राहिले. आणि मला एकदम कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. हुसेनबीला ठाऊक होतं! मी कुंपणात हात घालणार हे तिला आधीच माहीत होतं. तिनंच उकडून, गार करून ठेवली असणार ती अंडी, माझी फजिती व्हावी म्हणून. म्हणून तर दोनदा बांधावर आली, गंमत बघायला. असं कुणी कशाला करेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. कारण तिच्या जागी मी असते तर मी केलं असतं.

चोविसाव्या दिवशी सकाळी मी पाटी उचलली. काळी कोंबडी टोचायला लागली, तिला लाथेनं बाजूला सारली. बांधावर गेले. हुसेनबी पलीकडं भेंडी तोडत होती. मी ओरडले, ‘घे तुझी उकडलेली अंडी! खा! तुझ्या भावाला घाल!’ आणि अख्खी पाटी तिच्या उकिरड्यावर उपडी केली.

गिनीच्या अंड्याचं कवच टणक असतं. बरीचशी शेणात रुतली, फुटली नाहीत. चार एका दगडावर आपटली आणि फुटली. घाण वास येईल म्हणून मी पदर नाकाला लावला. वास आलाच नाही.

त्या फुटक्या कवचात पिल्लं होती. पुरी झालेली. ओली, तपकिरी, पाठीवर पट्टे, नारिंगी चोची. एक पाय झाडत होतं.

हुसेनबी धावत आली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. गुडघ्यावर बसली, ते पाय झाडणारं पिल्लू तळहातावर घेतलं, फुंकर घातली. ते थांबलं. मग उरलेली अकरा अंडी तिनं शेणातून एकेक उचलून पदरात घेतली, पोटाशी धरली, आणि तेव्हा मान वर केली.

‘अठ्ठावीस दिस लागतात, अक्का,’ ती म्हणाली. ‘कोंबडीसारखं एकवीस न्हाय. त्येच सांगाया दोनदा आलतो.’

‘तुला ठाव हुतं?’ मी विचारलं.

‘व्हय की. तुझ्या कुंपणात घातली तवाच बगितलं. म्हटलं, नेलीस तर बरंच हाय. मागितली असतीस तर मीच दिली असती, पर तू काय मागायची न्हाईस.’

एवढं बोलून ती पळत घराकडं गेली, अंडी गार होऊ नयेत म्हणून. ती चार पिल्लं उकिरड्यावर तशीच पडली होती. मी हातानं माती उकरून त्यांना पुरलं. सासूबाईंना काहीच सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी कोनाड्यातले खडे काढून अंगणात फेकले.

पुढचे चार दिवस मी रानात गेले नाही. डोकं दुखतं म्हणून पडून राहिले. पाचव्या दिवशी मालक म्हणाले, सरी सोडायची जागा दाखवतो, चल. गेले. बांधावर हुसेनबी उभी होती. तिच्यापुढं डालगं होतं, डालग्याखाली तिची तांबडी कोंबडी आणि तिच्या पंखांतून माना काढणारी नऊ पिलं. पट्टेदार, टुणटुणीत. दोन अंडी गेली म्हणाली, नऊ निघाली.

‘ही तुझी, तानाक्का,’ हुसेनबी म्हणाली. ‘तुझ्या कोंबडीनं चोवीस दिस काढलं, माझीनं नुसतं चार. दवात सोडू नगंस, गारठून मरत्यात. म्हैनाभर माझी कोंबडीबी राहू दे तुझ्याकडं.’

मालकांनी वाकून पिलं मोजली. त्यांचा चेहरा उजळला. माणूस शब्दाचा पक्का. ‘निघाली की गं!’ म्हणाले. ‘बेणं परत करतो. कर तुझी भाजी.’

मला हवं ते सगळं माझ्यापुढं डालग्यात होतं. रान, मंडई, ‘ओ तानाबाई’ ही हाक, सगळं. नुसता हात पुढं करायचा होता आणि ‘दे’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द. उकिरड्यावरची चार पिल्लं तिला आठवत असणारच, पण तिच्या तोंडावर त्याचं काही नव्हतं. राग नव्हता, जिंकल्याचं हसू नव्हतं. मी ते शोधत होते. सापडलं असतं तर मी पिलं घेतली असती.

‘नगंत,’ मी म्हणाले. ‘आमी ऊस लावणार हाय.’

‘अगं, पर मी शबूद दिलाय,’ मालक म्हणाले. ‘दिवाळीत हात जोडलंस, आनि आता?’

‘ऊसच लावा,’ मी म्हणाले.

‘उसात तू काय करशील गं?’ हुसेनबीनं हळूच विचारलं. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. तिनं पिलांवर फडकं टाकलं, डालगं उचललं आणि गेली.

घरी येऊन मी चुलीपुढं बसून रडले. सासूबाईंना वाटलं, रान गेलं म्हणून रडते. रान गेलं त्याचं होतंच. पण तिला द्यायला जमत होतं आणि मला नुसतं घ्यायलाही जमलं नाही, त्याचा जो हेवा त्या दिवशी वाटला, तसा तिच्या काकड्यांचाही कधी वाटला नव्हता, तिच्या गिन्यांचाही नाही.

आठव्या दिवशी आमच्या रानात सऱ्या पडल्या. मी बेण्याच्या कांड्या पुरवत मालकांच्या मागून चालत होते, आणि बांधापलीकडं ती नऊ पिलं तांबड्या कोंबडीमागं भेंडीच्या ओळीत शिरत होती.